लाकडी बैलाची कातडी

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल जेवढे हाल सोसतो तेवढे घरातली दुसरी कुठलीच लाकडी वस्तू सोसत नाही. पोळपाटाला लाटण्याची सवय असते, पाटाला बसणाऱ्याच्या वजनाची, दाराला पावसाची. बैलाला मात्र गळ्यात दोरी बांधून भर रस्त्यातून ओढत नेतात. वळणावर तो कोलमडतो, ओढणाऱ्याला मागे बघायचं सुचत नाही, आणि मग बराच रस्ता तो कुशीवर घासत जातो. देवळापाशी पोचल्यावर शेजारच्या बैलाच्या शिंगाला शिंग लागतं. संध्याकाळी बोजाऱ्याचे पैसे मोजून झाले की मालक झोपतो आणि बैल ओसरीत पावसाच्या झडीत पडून राहतो. घरात रांगतं मूल असेल तर ते दुसऱ्या दिवशी त्याचं शिंग तोंडात धरून बसलेलं दिसतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, पोरांचा, म्हणजे तान्हा, पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं नागपुरात सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर एकट्यादुकट्या पोराला जागचे हलणार नाहीत एवढे मोठे नंदी निघतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आरमोरीत तेवढा थाट नाही. इथे हातभर लांबीचा बैल, खाली फळी, फळीला चार चाकं. मोठ्यांच्या पोळ्यात म्हणतात तशा झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकी गाणी, पोरंही म्हणतात, काही पाठ, काही तिथल्या तिथे जुळवलेल्या, आणि मग घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, मागत फिरतात. ज्या घरांतून खरे बैल कधीच गेले त्या घरांतही लाकडी बैल टिकून आहे.

लेक पुण्याला असते. नातवासाठी नवा बैल करून पाठवायचा ठरला तेव्हा तिने फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. "बाबा, पॉलिश असं करून घ्या की ओरखडे पडणार नाहीत. आणि चाकांनी आमची फरशी खराब व्हायला नको." मी निरोप जसाच्या तसा बैल करणाऱ्या मिस्त्रीला दिला. तो रंधा मारत होता, थांबला नाही. म्हणाला, "गुरुजी, बैल घासनारच जी. पोट्ट्याच्या हातात देलं म्हनजे घासनारच. तुमी मले फक्त येवढं सांगा, घासल्यावर त्याले नीट कोन करनार? मी का पुन्याले येतो?"

हा प्रश्न त्याने टाळाटाळ म्हणून विचारला असं मला आधी वाटलं. पण मी विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. खोड जात नाही. ओरखडा म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, आणि हळूहळू त्याच्याच प्रश्नापाशी येऊन पोचलो.

दोन वस्तू घासल्या की कठीण असेल ती मऊ असेल तिला खरवडते. खनिजांचा कठीणपणा लावायला फ्रीडरिश मोह्स याने १८१२ साली जी उतरंड केली तीच आजही शाळेत शिकवतात: तळाला शंखजिरे, एक, माथ्यावर हिरा, दहा. आपलं नख अडीचच्या आसपास, चाकूचं पोलाद साडेपाचच्या, आणि गारगोटी सात. वैनगंगेची रेती बव्हंशी गारगोटीच. आरमोरीत ही रेती नसलेली जागा दाखवा. घाटावर आहे, प्रत्येक बांधकामापुढे ढिगाने आहे, ट्रकमधून सांडून रस्त्याच्या दोन्ही कडांना आहे. सुतार ज्या कागदाने लाकूड घासतो त्यावरही असलेच कठीण कण डिंकाने चिकटवलेले असतात. म्हणजे पोरं ज्या रस्त्यावरून बैल ओढत नेतात तो रस्ता पॉलिशपेपरच आहे, फक्त गावभर पसरलेला. लाकडाला चढवायचा असा कुठलाही लेप बाजारात नाही जो गारगोटीपेक्षा कठीण असेल. जमिनीच्या लाकडी फळ्यांसाठी काही लेपांत कुरुंदाच्या जातीची बारीक पूड मिसळतात, त्याने झीज खूप कमी होते. पण ते सपाट जमिनीचं काम, बैलाच्या वशिंडाचं नव्हे.

लेकीच्या दुसऱ्या काळजीचं उत्तरही इथेच मिळालं. लाकडाच्या चाकाने फरशीवर ओरखडा पडत नाही, लाकूड फरशीपुढे फारच मऊ. ओरखडा पाडते ती चाकात रुतून बसलेली रेती. रस्त्यावरून आलेला बैल घरात घेताना चाकं ओल्या फडक्याने पुसली की फरशी सुरक्षित. हे मी तिला कळवलं. फडकं कोण फिरवणार यावर तिकडे काय चर्चा झाली ते मला ठाऊक नाही.

रंगाच्या कारखान्यांत लेपाचा कठीणपणा पेन्सिलने मोजतात, हे मला फार आवडतं. सहा-बीसारख्या मऊ पेन्सिलीपासून सहा-एच, नऊ-एचपर्यंतच्या कठीण पेन्सिली क्रमाने, पंचेचाळीस अंशांत धरून लेपावर दाबून ढकलायच्या. जी पहिली पेन्सिल लेप खरवडते तिच्या आधीची ती त्या लेपाची पायरी. कंपासपेटी आणि चित्रकलेच्या पेन्सिली माझ्याकडे होत्याच. मिस्त्रीकडून लाकडाच्या ढलप्या आणल्या, त्यांना वेगवेगळे लेप दिले, आणि त्यातून कठीणपणाच्या आकड्यापेक्षा निराळीच गोष्ट ध्यानात आली. शिवणीच्या तुकड्यावर कठीण पेन्सिल दाबली की लेप खरवडला जात नव्हता, पण खालचं लाकूडच दबत होतं. वरचा लेप त्या खळगीत वाकत होता, आणि फार वाकला की पांढरी रेघ उमटत होती. मऊ लाकडावर कडक लेप हा असा असतो. ओरखड्याची निम्मी बाजू लाकडाकडे असते, आणि पॉलिशच्या दुकानात गेलेला माणूस नेमकं हेच विसरतो.

तेव्हा आधी लाकूड. आमच्या भागात बैलासाठी शिवण आवडीची: हलकी, कोरायला सोपी, वाळल्यावर फारशी फुगत-आकसत नाही, आणि पोराला ओढायला जड जात नाही. सागाचा बैल देखणा होतो, टिकतोही, पण सागात स्वतःचं तेलकट द्रव्य असतं. त्यामुळे तेलाचं वार्निश त्यावर लवकर वाळत नाही. आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं किंवा लाखेचा पातळ हात मारून ते तेल खालीच कोंडावं लागतं. शिवाय साग म्हटला की वनखातं आलं, ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का आला, वाहतूक परवाना आला. जंगलाच्या जिल्ह्यात राहून सुताराला लाकूड मिळणं सोपं असतं असा बाहेरच्यांचा समज असतो. ज्या मिस्त्रीकडे मी जातो तो आरागिरणीवरच्या ढलप्यांवर बैल काढतो.

याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून वाजतगाजत अयोध्येला गेला. तिथल्या राममंदिरात त्याची दारं झाली आणि त्यांवर सोनं चढवलं. बातमी वाचताना माझ्या मनात भक्तीच्या बरोबरीने दुसराही एक विचार आला: शुद्ध सोनं मोह्सच्या उतरंडीवर नखाच्याच पायरीला असतं. जगातल्या सगळ्यांत मोलाच्या लेपावर नखाने ओरखडा उमटू शकतो. पण त्या दारांना कुणी दोरी बांधून ओढणार नाही.

चाकं आणि आस यांची गोष्ट वेगळी. बैलगाडीचा आस इकडे धावड्याचा करत, कारण धावडा कठीण तर आहेच, शिवाय चिवट आहे, पिळला तरी लवकर तुटत नाही. लहान बैलालाही मिस्त्री तेच लाकूड लावतो. चाकाच्या कडेला लेप देण्यात अर्थच नाही. पहिल्या पन्नास पावलांत तो जातो. तिथे लाकूड हाच लेप.

आता पॉलिश. शहरातून आलेला माणूस आधी पीयूचं नाव घेतो, म्हणजे पॉलियुरेथेनचं. त्याची निंदा करण्यात अर्थ नाही. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून मारायचा जो प्रकार असतो तो वाळत नाही, तर रासायनिकरीत्या जुळून घट्ट होतो. एकदा बसला की चहाच्या कपाचा डाग नाही, पाण्याचं वर्तुळ नाही, नखाची खूण नाही. जेवणाच्या टेबलाला यासारखं दुसरं नाही आणि मी स्वतःच्या टेबलाला तेच करून घेतलं आहे. मेलामाइन पॉलिश त्याचा स्वस्त भाऊ: चकाकी चांगली, पण ठिसूळ, आणि लावल्यावर कित्येक दिवस फॉर्माल्डिहाइडचा डोळ्यांत चुरचुरणारा वास. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा मारताना ते छातीत गेले तर दमा जडू शकतो, म्हणून योग्य मुखवटा लागतो. मिस्त्रीच्या छपरात मुखवट्याच्या जागी गमछा आहे.

बैलाच्या बाबतीत पीयूची अडचण निराळी. रस्त्यावरची रेती त्याला कापतेच, फक्त उशिरा. एकदा कापलं की त्या फटीतून पाणी आत शिरतं, खालचं लाकूड फुगतं आणि लेप कडेकडेने सुटत जातो. पापुद्रा निघायला लागला की लहान पोराला तो सोलण्याचा मोह आवरत नाही. आणि तो जोडता येत नाही. नवा हात जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. नीट करायचं तर सगळं अंग घासून नव्याने फवारा. पुण्याच्या घरात हे कोण करणार? मिस्त्रीचा प्रश्न मला दुसऱ्यांदा ऐकू आला.

त्यात आमचं हवामान. वैनगंगेच्या पलीकडचं ब्रह्मपुरी दर मे महिन्यात देशातल्या सगळ्यांत तापलेल्या गावांच्या यादीत असतं, पारा ४६-४७ अंशांपर्यंत. अलीकडे आरमोरीत काही निराळं नसतं. आणि जुलैत तेच लाकूड झडीच्या ओल्या हवेत. उन्हाळ्यात आकसलेलं, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड दरवर्षी आपल्या लेपाला ताणतं. जो लेप ताण सोसत नाही तो ओरखडा न पडताच तडकतो.

बाजारातले बहुतेक बैल मात्र यापैकी कशानेच रंगवलेले नसतात. ऑइल पेंटचे दोन हात, पांढरं अंग, लाल शिंगं, सोनेरी खूर, काम झालं. खऱ्या बैलाच्या शिंगाला पूर्वी हिंगूळ लावत आणि वर बेगड. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि शेंदूर म्हणजे शिशाचं. बैल काही शिंगं चाटत नाही. पोर चाटतं. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात लागू आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्काही सक्तीचा झाला. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. सूट असणं योग्यच, नाहीतर हाताने बैल करणारे संपतील. पण मग डब्यावर काय लिहिलं आहे हे विचारायचं काम विकत घेणाऱ्याकडे येतं. विशेषतः पिवळा, केशरी आणि भडक लाल हे रंग पूर्वीपासून शिशावर पोसलेले. डबा जुना, लेबल गेलेलं, मुंडकं काढलेल्या बाटलीत ओतून ठेवलेला रंग असेल तर तो बैल घेऊ नये, कितीही गोजिरा असो.

लाखेबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण ती आमची आहे. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती हे राळेसारखं कवच करतो. फांद्या खरवडून कच्ची लाख, ती धुऊन, कापडी पिशवीत तापवून, पिळून, ताणून पातळ पत्रा, आणि पत्रा मोडला की चपडा. चपडा स्पिरिटमध्ये भिजत टाकला की सुताराचं पॉलिश तयार. गोळ्यांवर, मिठायांवर चकाकीसाठी हाच लेप असतो, म्हणून पोराने चाटला तरी भीती नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची खेळणी, कर्नाटकातलं चन्नपट्टण, सगळीकडे लाखच. चन्नपट्टणला तर कातकामाच्या यंत्रावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, आणि केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. बैलाच्या अंगाला ही युक्ती चालत नाही, ते गोल नसतं. चाकांच्या तोंडाला चालते.

लाख ओरखड्याला किती टिकते याचा मोठा प्रयोग आपल्या आजोबांनी घरोघर करून ठेवला आहे. बालगंधर्वांच्या त्या जुन्या जड तबकड्या लाखेच्या होत्या. पण नुसत्या लाखेच्या नव्हेत; त्यात दगडाची बारीक पूड कालवलेली असे. पोलादी सुई तबकडीवर फिरताना तबकडीने झिजण्याऐवजी सुईच झिजावी अशी ती योजना, म्हणून तर बाजू बदलली की सुई बदलायची. एवढं करूनही खरखर आलीच. नुसती लाख पॉलिश म्हणून लावली तर ती मऊच: गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ, ऐंशीच्या आतबाहेरच्या तापमानाला वितळणारी, दमट दिवसात लावली तर धुरकट होणारी. पण तिच्यात एक गुण असा आहे जो पीयूत नाही. स्पिरिटचा फडका फिरवला की जुनी लाख विरघळते आणि नव्या हाताशी एकजीव होते. जोड दिसत नाही.

हाच गुण मला टसर रेशमाच्या कोशातही दिसतो. आरमोरी टसरसाठी ओळखली जाते. इथले ढिवर पिढ्यानपिढ्या येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवतात. टसरचा कोसा इतका कठीण की नखाने दाबून दबत नाही, आणि झाडावर ऊन-पाऊस सोसतो. पण आतल्या पतंगाला बाहेर पडायचं असतं तेव्हा तो तोंडातून एक रस सोडतो, त्याने कोशाचं टोक मऊ पडतं आणि धागे बाजूला सारून तो निघतो. उतरवता येणार नाही असं कवच तो किडाही करत नाही.

आणि बिब्बा. जंगलात गोडंबीसाठी बिब्बे वेचणाऱ्यांचे हात बघा म्हणजे हे द्रव्य काय आहे ते कळतं. धोब्याने कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण कापड फाटलं तरी जात नाही. बिब्ब्याचं तेल गाडीच्या आसाला वंगण म्हणून, लाकडाला वाळवीपासून राखण म्हणून वापरत आले आहेत. जपानी लोक ज्या झाडाच्या चिकापासून आपली प्रसिद्ध काळी-तांबडी भांडी घडवतात ते झाड बिब्ब्याच्याच कुळातलं. आंबा आणि काजूही त्यातलेच. तो चिक एकदा पक्का झाला की निसर्गातल्या सगळ्यांत टिकाऊ लेपांत त्याची गणना होते, आणि गंमत अशी की त्याला वाळायला कोरडी नव्हे, दमट हवा लागते. म्हणजे श्रावण मानवणारा लेप जगात आहे. पण ओला असताना तो अंगावर उततो, तसाच आमचा बिब्बाही. पोरांच्या खेळात बिब्बा घालायचा नाही, एवढं शहाणपण मराठी भाषेतच आहे.

उरलं तेल. घरात असतं म्हणून लोक मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल लाकडाला चोळतात. दिव्याला, अंगाला ते उत्तम. पण ते वाळणारं तेल नव्हे. त्यातली स्निग्धाम्लं हवेशी जुळत नाहीत, थंडीत तर ते थिजतं. बैलाला लावलं तर अंग चिकट राहतं, चिकटपणावर रेती बसते, आणि पोर कुशीत धरेल तेव्हा बैलच पॉलिशपेपर झालेला असतो. खोबरेल, एरंडेल यांचंही तसंच.

जवसाचं निराळं. आमच्या धानपट्ट्यात उभ्या धानात लाखोळी आणि जवस फेकून पेरतात. धान कापलं की मागे ओलीवर ती पिकं येतात. पूर्वी फोडणीलाही हेच तेल होतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं आणि ते हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफत जातं. द्रवाचं हळूहळू घन होतं, तेही लाकडाच्या आत. वर पापुद्रा नसतो, म्हणून सुटायलाही काही नसतं. याने ओरखडा अडत नाही, हे कबूल केलं पाहिजे. पेन्सिलीच्या परीक्षेत ते तळाला येईल. पण ओरखडा पडला तर खालचं लाकूडही त्याच रंगाचं दिसतं. पांढरी रेघ उठत नाही. फडक्याला थेंबभर तेल लावून चोळलं की खूण अंगात मुरते.

शंका असेल त्याने क्रिकेटची बॅट आठवावी. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा कातडी चेंडू मऊ विलोच्या ज्या तोंडावर आदळतो त्या तोंडाला पीयू नव्हे, कच्चं जवसाचं तेल पाजतात आणि मग लाकडी हातोडीने ठोकून ते घट्ट करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या .३०३ रायफलींच्या दस्त्यांनाही हेच तेल. मार खाणाऱ्या लाकडाला तेल द्यावं, नुसतं बघायच्या लाकडाला लेप द्यावा, असं माझं मत यातून झालं आहे.

रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून जे जवसाचं तेल मिळतं ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजचे क्षार घातलेले असतात. खेळण्याला ते नको. घाणीचं कच्चं तेल आणा. ते संथ वाळतं, एकेका हाताला कडक उन्हाचे कितीतरी दिवस लागतात. हात पातळ द्यायचा, थोड्या वेळाने वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. जाड थर कधीच वाळत नाही, नुसता चिकटतो. शेवटच्या हातात किंचित मधमाशीचं मेण वितळवून घातलं तर अंगाला मंद चमक येते. जास्त मेण घालू नये, धूळ धरते. आणि तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवावीत, मगच फेकावीत. सुताराच्या छपरात भुसा असतो, हे विसरू नये.

एक खोट राहते. कच्च्या तेलाच्या लाकडाला पावसाळ्यात दमट कोपऱ्यात बुरशी धरते. तेव्हा पोळा झाला की बैल पुसून वाऱ्याला ठेवायचा.

नातवाचा बैल शेवटी शिवणीचा झाला. अंगाला जवसाचं तेल, धावड्याच्या चाकांना कडेला तेलच आणि तोंडाला लाल लाख, शिंगांना लाखेचे दोन हात. डोळे लाखेत कालवलेल्या काजळीचे. खालच्या फळीला मिस्त्रीने मला न विचारता उरलेलं पीयू मारलं. "फळीले कोन कुशीत घेते जी?" म्हणाला. बरोबर होतं. मी तेलाची छोटी बाटली आणि चपड्याची पुडी बैलाबरोबर पार्सलात घातली, कसं लावायचं ते कागदावर लिहून. लेकीने विचारलं, ओरखडे पडणार नाहीत ना? मी म्हटलं, पडतील, आणि ते तुझ्या पोराला स्वतःला पुसता येतील.

तुम्हालाही असा बैल करून हवा असेल तर मिस्त्रीला होळीच्या आगेमागे सांगा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तेलाचे हात वाळतात आणि दमट हवा सुरू व्हायच्या आत लाखेचंही काम उरकतं. श्रावणात जाऊन घाई केलीत तर तो तुम्हाला ऑइल पेंटचाच बैल देईल. त्या ओल्या हवेत पोळ्याच्या आत त्याच्याकडे दुसरं काही वाळत नाही.